हात ठेवला की वाजते

बिनतारी घंटेच्या चाचणीत एक हात जास्तीचा होता, ही गोष्ट कारखान्याच्या लक्षात यायला बराच काळ गेला. लक्षात आल्यावर ती विसरायला मात्र एकच बैठक पुरली.

घंटा साधी होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने उशाशी ठेवलेल्या डबीचं बटण दाबायचं, की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. डबीत बिस्किटाएवढी हिरवी पाटी आणि पाटीच्या कडेला तांब्याची नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे अँटेना. सर्किट एका घरचं, अँटेना दुसऱ्या घरची. दोघांचं पटावं म्हणून मध्ये खसखशीच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर बसवतात. तो मध्यस्थ बरोबर निवडला, तर संदेश हवेत जातो. चुकला, तर रुसल्यासारखा आल्या पावली परत येतो. मध्यस्थ निवडायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत.

मोजणीबाई कामाला चोख होत्या. मनातल्या मनात देवाचं नाव घेतल्याशिवाय त्या यंत्राला हात लावत नसत. पाटीला मोजणीची तार जोडली, की तारेच्या ओढीने पाटी टेबलावरून सरकायची, म्हणून डाव्या तळहाताने तिला अलगद आडोसा द्यायचा, ही त्यांची सवय. यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेत हव्या त्या जागी छान खोल खळगा पडला, म्हणजे संदेश हवेत निघाला. शिक्के मारणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे शिक्केकाकांनी, शिक्का मारला. घंटा बाजारात गेली आणि एक मोजणीबाईंच्या घरीही आली.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या मागच्या खोलीत, आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. मिक्सर लावला की त्यांची हाक पोचत नसे. आता घंटा आली म्हणून बाई निर्धास्त झाल्या, आणि एका सुट्टीच्या दुपारी चहा घेऊन गेल्या तर सासूबाई पलंगाला टेकून जमिनीवर बसलेल्या.

"अहो आई! हाक नाही का मारायची?"

"हाक कशाला? तुझी ही डबी आहे ना! दाबून दाबून अंगठा झिजला माझा. म्हटलं, आपणच उठावं. उठले, अन् बसले."

देवाची कृपा, मुका मार होता. बाईंनी त्यांना वर बसवलं, शेजारी टेकल्या, डबीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "दाबा बघू."

स्वयंपाकघरात घंटा खणखणली.

"आता कशाला वाजते मेली?" सासूबाई म्हणाल्या. "आता तर तू आलीस!"

मोजणीबाईंचा चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत पाटी टेबलाला चिकटवली आणि हात मागे घेतला. पडद्यावरचा खळगा सरकून भलतीकडे गेला. हात जवळ नेला, खळगा जागेवर. त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, चूक माझी आहे. आपण अँटेना माझ्या हाताशी जुळवलीय. हात नसला की घंटा वाजत नाही. एक कपॅसिटर बदलला की झालं."

"बाई, मंजूर झालेल्या आराखड्यात बदल म्हणजे नव्याने मंजुरी," साहेब म्हणाले. "आणि तक्रार एक तरी आलीय का?"

"कशी येणार? दाबणारा अंथरुणात. ज्यांनी तक्रार करायची, त्यांना काही ऐकूच आलं नाही."

"म्हणजे ग्राहक समाधानी आहेत."

तरीही बैठक भरली. शिक्केकाकांनी मुद्द्याला हात घातला: मंजुरीच्या वेळी हात होता, त्याअर्थी हातही मंजूर झालेला आहे. प्रश्न फक्त तो नियमात बसवण्याचा. तेव्हा मोजणीबाईंच्या डाव्या हातास 'प्रमाण हात' घोषित करण्यात आलं. त्यावर उपकरण क्रमांकाची चिठ्ठी चिकटवण्यात आली. हाताला मलम लावू नये, त्यात बांगडी घालू नये, तो प्रयोगशाळेबाहेर नेताना दारावर नोंद करावी, असं ठरलं. माहितीपत्रकातही एक ओळ वाढली: 'बटण दाबण्यापूर्वी जवळच्या व्यक्तीने रुग्णाशेजारी बसून डबीवर तळहात ठेवावा.'

"अहो, पण शेजारी माणूस बसलेलाच असेल तर घंटा कुणासाठी वाजवायची?" बाईंनी विचारलं.

"ते वापरणाऱ्याने ठरवायचं," शिक्केकाका गंभीरपणे म्हणाले. "आपण त्यांच्या घरगुती बाबींत पडत नाही."

संध्याकाळी बाई घरी निघाल्या, तर दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. "तुम्ही खुशाल जा ताई. हाताचा परवाना दाखवा."

तिथेच बाईंना उपाय सुचला. सकाळी त्यांनी रजेचा अर्ज दिला: सासूबाईंजवळ कुणी नाही, घंटेचा भरवसा नाही, सबब घंटा सुधारेपर्यंत रजा मिळावी. सोबत डावा हातही नेत आहे.

साहेब हवालदिल झाले. प्रमाण हात नाही तर चाचणी नाही, चाचणी नाही तर शिक्का नाही. त्यांनी हाताला रजा नाकारून बाईंना देता येते का, याची चौकशी केली. नियमात तशी तरतूद नव्हती. शेवटी, 'केवळ हात सोडवून घेण्यासाठी' अशा शेऱ्यासह एक कपॅसिटर बदलायला मंजुरी मिळाली. बाईंनी खसखशीचा एक दाणा काढला आणि दुसरा बसवला. विकलेल्या घंटाही मागवून, दुरुस्त करून परत पाठवल्या.

त्यानंतर तक्रारींचा पाऊस पडला.

'आमची घंटा बिघडली आहे. सारखी वाजते.' 'वडील कामाशिवाय बटण दाबतात. काय हवंय विचारलं तर म्हणतात, काही नाही, बस जरा.' 'आधीची फार चांगली होती. कृपया पूर्ववत करून मिळावी.'

"बघा बाई!" साहेब विजयी मुद्रेने म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

कारखान्याने ग्राहकांचं मन राखलं. जुना कपॅसिटर पुन्हा बसवून घंटेची 'शांत आवृत्ती' काढली. ती हातोहात खपली. कर्मचाऱ्यांना एकेक भेट म्हणून मिळाली.

त्या संध्याकाळी मोजणीबाई पीठ मळत होत्या. घंटा वाजली. हात पुसत त्या मागच्या खोलीत धावल्या.

"काय झालं आई?"

"काही नाही गं. वाजते का ते बघितलं."

त्या परतल्या. पुन्हा पिठात हात घालतात, तोच पुन्हा घंटा. मोजणीबाईंची नजर नकळत पिशवीकडे गेली. शांत आवृत्ती तिच्यात कोरी करकरीत पडून होती. नजर क्षणभरच गेली. मग त्या स्वतःशीच ओशाळल्या, देवाचं नाव घेतलं आणि पिठाच्या हातांनीच जाऊन सासूबाईंजवळ बसल्या.

शांत आवृत्ती आता सगळीकडे मिळते. दिसायला ती दुसरीसारखीच असते. तेव्हा आपल्या घरची घंटा बरेच दिवस वाजली नसेल, तर आत सगळं ठीक आहे असं धरून चालू नये. एकदा जवळ जाऊन बसावं, डबीवर हात ठेवावा आणि बटण दाबायला सांगावं.

वाजेल.