टँकरवरचा भीमपलास

बाहत्तरच्या दुष्काळात बाळीवेस पेठेतल्या जनतेला शास्त्रोक्त संगीताची गोडी लागली, असं ‘जनसुविधा व सुसंस्कार कार्यालया’च्या अहवालात स्वच्छ नमूद आहे. अहवालावर साहेबांची सही आणि गोल शिक्का असल्यामुळं त्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही.

त्याआधी महादेवप्पा गवयाला पेठेत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. तरुणपणी त्यानं मुंबईला जाऊन भीमपलास रागातल्या गाण्याची एक तबकडी भरली होती. ती खपली नाही. उरलेल्या तबकड्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, कंपनीनं पार्सलानं घरी धाडल्या आणि त्याची बायको चंद्रव्वा त्या दह्याच्या गाडग्यावर झाकायला वापरू लागली. महादेवप्पा चांगला गातो की वाईट, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्याचं गाणं शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं. मरायच्या आधी चार माणसांनी मनापासून ‘वा’ म्हणावं, एवढी एकच आस बिचाऱ्याला होती.

दुष्काळात नळ आटले आणि टँकर सुरू झाले. तेव्हा रस्त्यात कुठलाही हॉर्न वाजला की बाया घागरी घेऊन धावायच्या. एकदा तर त्यांनी भुशाचा ट्रक अडवून धरला आणि पाणी काढ म्हणून ड्रायव्हरला दम भरला. मग कार्यालयानं ठराव केला, की टँकर आल्याची खूण म्हणून कर्ण्यावर एक तबकडी लावावी. तबकडी विकत घ्यायला मंजुरी नव्हती. महादेवप्पानं फुकट दिली. इतका साधा मामला!

दुसऱ्या दिवशी टँकरचालक इलाहीबक्षनं बोळाच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि तबकडी लावली. आलाप सुरू झाला मात्र, अख्खी पेठ उसळली. म्हातारी बजाबाई अनवाणी पळाली. पुढं उभं राहण्यावरून दोन सख्ख्या जावांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. खिडकीत उभ्या महादेवप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसांत पेठेत ते तेवढंच फुकट मिळत होतं.

“बघ गं, बघ! माझ्या भीमपलासाला कशी धावत्यात माणसं!”

“अवो, पाण्याला धावत्यात की ती,” चंद्रव्वा कळशी उचलत म्हणाली.

“पाणी निमित्त हाय. गोडी सुरांची.”

“मग तुमी सूर प्या हितंच. मी कळशी भरून आणते.”

पण महादेवप्पाच्या बाजूनं बोलणारा एक जण निघाला. कार्यालयाचे प्रमुख शिवशरण साहेब पाहणीला आले. साहेबांच्या बंगल्यात बारमाही विहीर होती, त्यामुळं माणूस पाण्यासाठी धावतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. गाणं लागलं आणि गर्दी झाली, गाणं थांबलं आणि टाकी संपली तशी गर्दी पांगली. साहेबांनी त्यातलं गाणं तेवढं टिपून घेतलं. बाकीच्या पेठांतूनही ‘आमच्याकडं ती तबकडी लावा’ म्हणून अर्ज आले. साहेब थक्क झाले. अशी लोकप्रियता असलेला कलावंत या गावात पडून राहावा, याची त्यांना लाज वाटली.

लगोलग पार्क मैदानावर जाहीर सत्कार आणि गायन ठरलं. जाहिरात म्हणून इलाहीबक्षनं तीच तबकडी गावभर वाजवत नेली. व्हायचं तेच झालं. मैदान फुललं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर घागर! महादेवप्पा संध्याकाळभर गायला. एक माणूस जागचा हलला नाही. हलला असता तर नंबर गेला असता. शेवटी त्यानं तंबोरा खाली ठेवला तशी सगळी सभा उठून मंचाकडं धावली.

“चरणस्पर्शासाठी!” साहेब सद्गदित होऊन म्हणाले आणि त्यांनी शाल पांघरवून महादेवप्पाला तिथंच ‘लोकगायक’ ही पदवी दिली.

मंचावर नळ नाही हे कळल्यावर लोकांनी ज्या शिव्या घातल्या, त्या कर्ण्यावर पुन्हा लागलेल्या तबकडीमुळं साहेबांना ऐकू आल्या नाहीत.

आता कार्यालयानं सरळ विचार केला. मैदानावर टँकर नव्हता, तरी एवढा समाज आला. म्हणजे जनता पाण्यासाठी येतच नाही. मग पाण्यावर खर्च का? टँकरमधलं पाणी सर्किट हाउसच्या बागेला लावलं आणि बाळीवेशीत रिकामी टाकी गाणं वाजवत फिरू लागली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

तिसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून इलाहीबक्ष कार्यालयात आला. “साहेब, टाकी खाली, रिकामीच जाती. लोकां मेरेकू मारते!”

“कलेबद्दल लोक भावनाप्रधान असतात,” साहेब म्हणाले. “गाणं लोकांना आवडत नाही, असं खुद्द लोकगायकानं सांगितलं, तर फेरविचार करू.”

झालं! सगळ्या पेठेचं पाणी महादेवप्पाच्या जिभेवर येऊन थांबलं. चंद्रव्वानं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. “जावा, आन् सांगा साहेबास्नी, माझं गाणं कुणालाबी आवडत न्हाय म्हणून. बजाबाईनं कालपासून ओठ ओला केला न्हाय. तुमच्या सुरांचं चोचलं ऱ्हाऊ द्या!”

महादेवप्पा गेला. वाटेत वाक्य घोकत गेला.

“बोला, लोकगायक,” साहेब खुर्चीतून उठून म्हणाले. त्याच्यासाठी खुर्चीतून उठणारा हा जन्मातला पहिला माणूस. “तुमचं गाणं लोकांना आवडतं की नाही? एका शब्दात सांगा.”

महादेवप्पानं घोकलेलं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं.

“आवडतं,” तो म्हणाला.

घरी येऊन बायकोला सांगितलं, “साहेब ऐकेनात.” तिनं कोरडी कळशी त्याच्यासमोर आपटली.

पुढच्या आठवड्यात तबकडीकडं कुणी फिरकेना. लोकांनी विटा रचून खिडकी बुजवावी तसे कान बंद केले. आता साहेब हादरले. पदवी त्यांच्या सहीनं दिलेली. लोकगायक पडला तर सही पडणार! तातडीनं आदेश निघाला: श्रोत्यांना प्रोत्साहन म्हणून प्रत्येक गायनासोबत टाकीभर पाणी देण्यात यावं. पाणी आलं, लोक धावले, लोकप्रियता पूर्ववत झाली. अहवाल वर गेला.

सहा वर्षांनी घरोघर नळाला पाणी होतं. टँकर गेला, पण हॉटेलात ती तबकडी लागली की चहा पिणारे कप खाली ठेवायचे. कुणी डोळे पुसायचं. “काय गायलाय गा! आसली गाणी आता न्हाईत,” म्हणायचे.

“आता बोल,” महादेवप्पा बायकोला म्हणाला. “आता कुटं टँकर हाय?”

“न्हाय की,” चंद्रव्वा म्हणाली. “आता त्यास्नी खरंच आवडतंय.”

महादेवप्पा दिवसभर खुशीत होता. रात्री मात्र तिच्या त्या ‘आता’नं त्याला झोप येऊ दिली नाही.

तुम्ही हसताय? हसा. पण काळजाला भिडतं म्हणून जे गाणं तुम्ही पोराबाळांना ऐकवता, ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा तुम्ही कशाच्या रांगेत उभे होतात, तेवढं आधी आठवून या.