बाण वरच्या ओळीवर

निवृत्त लाइनमनला सगळी गल्ली 'ओव्हर' म्हणायची, कारण जेवताना मीठ मागितलं तरी वाक्याच्या शेवटी तो ओव्हर म्हणे. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा तो बावीस वर्षं कंट्रोल होता. म्हणजे रोज सकाळी सातला हातातल्या रेडिओवर सगळ्यांची हजेरी घ्यायची, कोणाचा आवाज कसा येतोय ते सांगायचं आणि मध्येच बोलणाऱ्याला गप्प करायचं. घरात त्याला एवढं कोणी करू देत नसे. हजेरी संपली की चहा टाकायचा हे बायकोला कळावं, म्हणून जुना रेडिओ त्याने स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला होता. तो दिवसभर बंद करायचा नाही अशी ताकीद होती. येत्या रविवारी मंडळ नवा कंट्रोल निवडणार होतं. ही गादी गेली तर सातला उठून करायचं काय, या विचाराने तो पाचलाच उठून बसू लागला.

त्याच्या रेडिओच्या पडद्यावर दोन ओळी. वर मंडळाचा बँड. खाली दुसरा, तिथे तो आणि त्याचा दोस्त घड्याळजी, असे दोघंच. ऐकू दोन्हीकडचं येई, पण बोलणं जाई ते ज्या ओळीपुढे बारीकसा बाण असेल तिथे. बाण हलवायचं बटण मसुराच्या दाण्याएवढं. मंगळवारी हजेरीनंतर त्याने बाण खाली नेला, मग सदऱ्याच्या टोकाने पडदा पुसला, आणि पुसता पुसता ते बटण पुन्हा दाबलं गेलं. चष्मा कपाळावर होता.

सव्वाआठला त्याने घड्याळजीपुढे मन मोकळं केलं. दातांच्या डॉक्टरला कंट्रोल करायचं घाटतंय, पण त्याचा आवाज म्हणजे दाढेत फिरणारं मशीन. मोटार शिकवणारा मास्तर तर बोलतानाही सारखा गिअर बदलतो. ओघात घरचाही विषय निघाला. घड्याळजी हूं की चूं करेना. डोळ्याला भिंग लावून बसला असेल, असं ओव्हरला वाटलं.

दुपारी घड्याळजीचा फोन आला. "काय रे, आज खाली आलाच नाहीस?"

ओव्हरने चष्मा लावून पडदा पाहिला. बाण वर.

बुधवारी हजेरीला सगळे गोड बोलले, तेव्हा त्याची खात्रीच पटली की आपला काटा काढणार. म्हणून गुरुवारी डॉक्टरचं मन राखायला तो दवाखान्यात गेला, कारण हवं म्हणून एक धडधाकट दाढ दाखवली, आणि डॉक्टरने ती काढली. शुक्रवारी एकाहत्तराव्या वर्षी त्याने मास्तरकडे मोटार शिकायला नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी मास्तरचं फाटक पाडलं.

रविवारी सभेत, सुजल्या गालाने, तो आधीच उभा राहिला. म्हणाला, माझी जीभ घसरली. मग काय काय घसरलं ते मशीन, गिअर, सगळं शब्दन्‌शब्द सांगून त्याने एकेकाची माफी मागितली. सभा एकमेकांकडे बघू लागली.

"हे कधी बोललात?" डॉक्टरने विचारलं.

"मंगळवारी. सव्वाआठला."

"अहो, हजेरी झाली की आम्ही बंद करतो."

"दिवसभर चालू असतो म्हणता ना रोज?"

"म्हणतो," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

मग हात वर झाले. डॉक्टर कंट्रोल झाला. घड्याळजीने हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. तो आयत्या वेळी चष्मा पुसत बसला.

घरी येऊन ओव्हरने बायकोला सारं सांगितलं. ती डाळ निवडत होती.

"सगळ्यांची माफी मागितलीत?"

"एकूण एक. ओव्हर."

"आणि चाळीस वर्षं घरात नुसता खरखराट ऐकतोय, म्हणालात? त्या खरखराटाची?"

ओव्हरने फळीकडे पाहिलं. "तू ऐकलंस?"

"बंद करायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं." ती उठली, हात पदराला पुसले, आणि रेडिओची चकती टक् आवाज होईपर्यंत फिरवली.

दुसऱ्या दिवशी सातला डॉक्टरने हजेरी घेतली. ओव्हरचं नाव सगळ्यात शेवटी आलं. आवाज स्वच्छ येतोय, डॉक्टर म्हणाला.

हजेरी संपली. चहा काही आला नाही.