जावईबापूंचा गिअरबॉक्स

"गिअरबॉक्स म्हणजे काय हो? बोल्ट काढायचे, जुना खाली घ्यायचा, दुसरा वर चढवायचा, बोल्ट आवळायचे. रविवारी दुपारच्या चहाला गाडी दारात उभी!" असं जावईबापूंनी जाहीर केलं. एवढ्यावर थांबतील तर ते जावईबापू कसले? सासऱ्यांनी ठरवून ठेवलेल्या गॅरेजवाल्याला त्यांनी परस्पर फोन करून नको म्हणून सांगूनही टाकलं.

जावईबापू विमा कंपनीत होते. अपघाताचे दावे तपासायचं काम. तपासायचं म्हणजे फेटाळायचं. 'मालकाने स्वतःची अक्कल चालवली' हा त्यांचा लाडका शेरा. तो मारताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा, की शेजारच्या टेबलावरची माणसं नजर दुसरीकडे वळवायची. दिवसभर मोडक्या गाड्यांचे फोटो बघून बघून आपल्याला गाड्या दुरुस्त करता येतात, असा त्यांचा पक्का समज झाला होता.

या समजाला घरात पाठिंबा देणारं माणूस एकच, सासूबाई. बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी नाद सोडला होता. सासऱ्यांनी तर पहिल्या भेटीतच काय ते ओळखलं होतं. सासूबाई मात्र शेजारीपाजारी सांगत सुटायच्या, की आमच्या जावयाच्या हातात जादू आहे. त्या भरवशावर जावईबापू सासुरवाडीत छाती काढून फिरायचे. तेवढा एक आधार गेला, तर त्या घरात त्यांना पाणी विचारणारंही कुणी उरलं नसतं.

सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, समोरचं सगळं धूसर. हॉस्पिटलच्या यादीत महिनोन्‌महिने वाट बघून एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख एकदाची मिळाली होती, सोमवारची सकाळ. ती हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि नेमका त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला.

जावईबापूंकडेही अगदी तश्शीच गाडी होती. तीच कंपनी, तेच नाव, रंगसुद्धा तोच. फक्त साल वेगळं. कुणीतरी मागून येऊन ठोकल्यामुळे तिचं मागचं अंग पार चेपलं होतं, पण गिअरबॉक्स ठणठणीत. तो काढून सासऱ्यांच्या गाडीत बसवायचा, असा बेत.

आता यातली मेख ऐका. ही गाडी चारही चाकांनी ओढणारी. गिअरबॉक्स पुढच्या चाकांना स्वतः फिरवतो आणि मागच्या चाकांना एक लांब दांडा लावून फिरवतो. त्या दांड्याच्या टोकाला, मागच्या दोन चाकांच्या मधे, दात्यांची आणखी एक पेटी असते. पुढचे दाते आणि मागचे दाते यांचं गणित जुळावं लागतं. साल बदललं की हे गणित बदलू शकतं, आणि इथे बदललं होतं. म्हणून गिअरबॉक्स बदलला, तर मागची पेटीही त्याच गाडीची हवी. नाहीतर जिन्यावरून कपाट उतरवणाऱ्या दोघांतला एक भराभर उतरतो आणि दुसरा सावकाश, तशी गत होते. सासऱ्यांनी विचारलंही होतं, की मागचं काही बदलावं लागत नाही ना? जावईबापू म्हणाले, "बाबा, दुखणं पुढे आहे. मागे कशाला हात घालायचा?"

रविवारभर जावईबापू गाडीखाली आणि सासरे बाजूला बॅटरीचा उजेड धरून. बॅटरी जरा हलली की खालून ओरडा. चहाची वेळ टळली, पण दिवेलागणीच्या आत गिअरबॉक्स बसला, हे कबूल करायला हवं. आपल्या गाडीचा उरलेला सांगाडा जावईबापूंनी हातोहात भंगारवाल्याला देऊन टाकला. मागची पेटीही त्याच्याबरोबर गेली.

मग चाचणी. घरामागच्या मैदानावर पाणी मारलेली भुसभुशीत माती होती. तिथे गाडी लोण्यासारखी फिरली. फिरणारच! मऊ मातीत चाकं हळूच घसरतात आणि पुढच्या-मागच्यांचं भांडण आपोआप मिटतं. जावईबापूंनी मैदानाला चकरा मारल्या, हॉर्न वाजवला, सासूबाईंनी खिडकीतून आवाजाच्या दिशेनं हात हलवला.

सोमवारी सकाळी सासरे म्हणाले, टॅक्सी बोलावू. सासूबाईंनी साफ नकार दिला. जावयानं एवढा जीव काढलाय, मी त्याच गाडीतून जाणार.

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून त्या मागे बसल्या, शेजारी लेक. गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि पहिल्याच वळणावर चाकं किंचाळली. गाडीनं टुणकन उडी मारली. दुसऱ्या वळणावर दोन उड्या.

"घोडा जुंपलाय का हो?" सासूबाईंनी कौतुकानं विचारलं.

जावईबापू म्हणाले, नवीन गिअरबॉक्स आहे, रुळतोय. सासऱ्यांनी दारावरचं कडं घट्ट धरलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. बायको म्हणाली, करपल्याचा वास येतोय. जावईबापू म्हणाले, बाहेरून येतोय.

पुढे मोठा चौक लागला, मधोमध हिरवळीचं वर्तुळ. गाडीला वळून जायचं होतं, पण ती वळेचना. थरथरत, कण्हत ती सरळ हिरवळीवर चढली. आणि काय आश्चर्य! किंचाळणं बंद, उड्या बंद. गाडी गुणी बाळासारखी चालायला लागली.

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, गाडीत काहीतरी बिघाड आहे. जावईबापूंनी निष्कर्ष काढला, की डांबरात बिघाड आहे!

मग त्यांनी डांबर सोडलं. उरलेला सगळा रस्ता गाडी कडेच्या मातीतून गेली. फुटपाथला लागून, झाडांच्या आळ्यांतून, एका बंगल्याच्या कुंपणाचा कोपरा घेऊन. हॉस्पिटलच्या फाटकातून आत पुन्हा डांबर आलं, तेव्हा जावईबापूंनी क्षणभरही विचार न करता गाडी बागेत घातली. गुलाबाच्या वाफ्यांतून, कारंज्याला वळसा घालून, थेट दारापर्यंत. माळी पाण्याची नळी घेऊन मागे धावत होता. दारापाशी गाडीखालून धुराचा लोट निघाला आणि ती कायमची थांबली.

"शेवटी शेवटी किती अलगद आणलीत गाडी," उतरताना सासूबाई म्हणाल्या. "गुलाबाचा वास सुद्धा आला." जावईबापूंनी सासऱ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. तारीख हुकली का? नाही ना? विम्याचं प्रकरण मात्र त्यांनी मनातल्या मनातच निकालात काढलं. असल्या दाव्यावर कोणता शेरा बसतो, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ऑपरेशन झालं. रात्रभर तिथेच ठेवून सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. सासूबाई लेकीचा हात धरून पायऱ्यांवर आल्या. समोर बाग. बागेतून गेलेल्या दोन खोल चाकोऱ्या. चाकोऱ्यांच्या टोकाला चिखलानं माखलेली, कुंपणाचं लाकूड अडकलेली नवऱ्याची गाडी. गाडीपुढे मोडक्या फांद्यांचा भारा घेऊन माळी. आणि या सगळ्याच्या मधे भांग पाडून हसतमुखानं उभे असलेले जावईबापू.

सासूबाईंनी बाग पाहिली, गाडी पाहिली. मग जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अहो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "टॅक्सी बोलवा."

घरी जाताना टॅक्सीत पुढे सासरे बसले, मागे मायलेकी. आणखी एकाला जागा होती, पण सरका असं कुणी म्हणालं नाही.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन छान झालंय, दुसऱ्या डोळ्याचंही लवकर उरकून घ्या. दुसऱ्या डोळ्याची एवढी काय घाई आहे, असं जावईबापू हल्ली भेटेल त्याला विचारतात.