दस्तगीरमामांची पहिली चूळ

आमच्या दवाखान्यात रोज पहिली चूळ दस्तगीरमामा भरायचे. कोल्हापुरात मी दातांचा दवाखाना काढला, तेव्हा मदतीला ठेवलेला हा पहिला माणूस. सकाळी पेशंटच्या खुर्चीत स्वतःच बसायचे. ड्रिलमधून येणारं पाणी वाटीत धरून अत्तरासारखं हुंगायचे, तोंडात घोळवून थुंकायचे आणि म्हणायचे, "हां. आता बसवा पावण्यास्नी."

दर रविवारी, सुट्टी असूनही, ते येऊन खुर्चीच्या नळ्यांत औषधाचं पाणी भरत आणि नंतर त्या धुऊन काढत. "पाणी एका जागी बसलं की बिघडतंय, डॉक्टर. माणसागत." लग्नाच्या पंगतीतसुद्धा तांब्या आधी नाकाला लावत. पुढं पुढं त्यांना आमंत्रणंच येईनाशी झाली.

एका दिवाळीत दवाखान्याला कुलूप लावून, किल्ली घेऊन मी आठ दिवस गावाला गेलो. मामांचा रविवार चुकला. दवाखाना परत उघडला त्या सकाळी, मामांची चूळ व्हायच्या आतच, कोडोलीच्या एक म्हाताऱ्या बाई दात धरून आल्या. मी ड्रिल उचललं, तर मामांनी खुर्चीचं पाणीच बंद केलं.

"आठ दिस नळीत पडून हाय. आजीच्या तोंडात न्हाई जायाचं."

"मामा, इथं डॉक्टर कोण आहे?" मी बाहेर थांबलेल्या पेशंटांदेखत ओरडलो.

त्यांनी ड्रिलची नळी सोडवली. नळीचं टोक कात्रीनं कापलं, उभं चिरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आत बुळबुळीत थर होता. कुबट वास आला. मी मान खाली घातली. त्या बाईंचं काम मी उकळून गार केलेल्या पाण्यावर केलं.

दुपारी पेशंट गेल्यावर मी मामांची माफी मागितली. म्हटलं, "पण मामा, तुम्ही पाण्याला एवढं का भिता?"

ते नवी नळी बसवत होते. मागं न वळता म्हणाले, "माझी बायकू, मुमताज, बाळंतपणातनं उठली नव्हती. रातभर ताप. रांजणाच्या तळाचं शिळं पाणी मीच पाजलं. ताजं आणायचा कंटाळा केला. हगवण लागली, दोन दिसांत गेली."

मी म्हटलं, "कधी बोलला नाहीत, मामा."

"बावीस वर्सं झाली. कुणी इचारलंच न्हाई की."

मग हात पुसून त्यांनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसले आणि मुमताज कशी हसायची ते मला सांगू लागले.