परातेभाऊंची थंडी

आमचे शेजारी परातेभाऊ डिसेंबरात अंघोळीच्या बादलीत बर्फ टाकतात. ही अफवा नाही. नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांची आणि आमची न्हाणी एका भिंतीला लागून आहे आणि बर्फाची ढेप बादलीच्या कडेवर आपटल्याचा आवाज मी कित्येक हिवाळे ऐकत आलो आहे. त्या आवाजाने मला जाग येते आणि अंगावर आणखी एक गोधडी घ्यावीशी वाटते. ती मी घेतो.

अंघोळ आटोपून भाऊ नुसत्या बनियनवर गच्चीत येतात. तोवर मी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि हातात चहा अशा थाटात आमच्या गच्चीत उभा असतो. ते मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "गुरुजी, हे काय थंडी होय का?"

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून गुरुजी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीने मला सोडलेलं नाही. भाऊंचा हा प्रश्न मात्र एकट्या माझ्यासाठी नाही. बर्डीच्या बाजारात आइस्क्रीमच्या दुकानात ते फ्रीजरमध्ये हात घालून हेच विचारतात. मोठ्या साडूने घरच्या लग्नात त्यांच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही, तेव्हाही मांडवाबाहेर येऊन म्हणाले, "हे काय थंडी होय का?" आणि पुन्हा पंगतीत जाऊन बसले.

भाऊंचं घराणं कोष्ट्यांचं. घरात हातमाग होता, वडील लुगडी विणत. माग बंद पडला तेव्हा भाऊंनी त्याच खोलीत कूलर बनवायला घेतले. वाळ्याच्या ताट्या ते स्वतःच्या हाताने भरत. "बाप लुगडं विने, मी हवा विनतो," असं गिऱ्हाइकाला ऐकवत. अर्ध्या सक्करदऱ्याचा उन्हाळा त्यांनी सुसह्य केला, पण त्यांचा स्वतःचा उन्हाळा काही केल्या सरत नसे. मे महिन्यात ते दोन कूलरच्या मधोमध खाट टाकत आणि तरीही छताकडे पाहून उसासे सोडत.

आणि अशा माणसाच्या पदरी कौसल्यावहिनी. त्या पारशिवनीकडच्या, सडपातळ, आणि त्यांना उन्हाळ्यातसुद्धा हिव भरतं. वर्षानुवर्षं रोज झोपायच्या वेळी भिंतीपलीकडून एकच संवाद ऐकू यायचा.

"अजी, बंद करा ना तो पंखा. मले हिव भरून राहिलं."

"हे काय थंडी होय का?"

"तुमच्यासाठी नसन. मानसासाठी आहे."

मग बटण खटकन बंद. थोड्या वेळाने खटकन सुरू. पुन्हा बंद. शेवटी भाऊ गरजत, "जातो मी बर्फात! तिथंच राहतो पेंग्विनाईसंगं!" त्यावर वहिनी शांतपणे म्हणत, "जा ना जी. तेवढीच लाइट वाचन." मग दोघं झोपत, आणि मगच आम्ही. त्यांचं भांडण संपेपर्यंत डोळे मिटण्यात अर्थ नाही, असं आमच्या हिचं म्हणणं होतं. मला तर ते ऐकल्याशिवाय दिवस संपल्यासारखं वाटतच नसे, पण हे मी हिला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी भाऊंनी धंदा मुलाच्या हाती दिला आणि एका दुपारी बर्डीवरच्या एका सहलवाल्याकडे जाऊन बसले. त्याने काश्मीर दाखवलं. "हे काय थंडी होय का?" त्याने स्वित्झर्लंड दाखवलं. तोच प्रश्न. शेवटी त्या बिचाऱ्याने कपाटाच्या तळातून एक माहितीपत्रक काढलं. अंटार्क्टिकाला जाणारं जहाज, चारी बाजूंना बर्फ, पेंग्विन, सील, देवमासे. भाऊ दोन जागा ठरवून घरी आले. वहिनींना ही गोष्ट आधी सांगावी असं त्यांना वाटलंच नाही. ते जिथे जातील तिथे वहिनी असणार, यात विचारायचं काय, असा त्यांचा हिशेब.

डॉक्टरांचा हिशेब निराळा निघाला. वहिनींना दमा आहे. असल्या गारठ्यात यांना न्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. भाऊ म्हणाले, "मंग मीबी नाही जात."

वहिनींनी भाजी निवडता निवडता मान वर केली. "काहून नाही जात? इतके वर्स माझं डोकं खाल्लं त्या बर्फापायी. आता नाही गेले त उद्यापासून पंखा बंद म्हंजे बंद. माझ्या जागेवर गुरुजीले घेऊन जा. त्याईले शिकवता येते हे सारं."

मला ते शिकवता येत होतं, हे खरं आहे. नकाशावर छडी फिरवत मी कितीतरी पिढ्यांना दक्षिण ध्रुवापर्यंत नेऊन आणलं होतं. ध्रुवावर पोचे ती छडी, बाकीचा मी फळ्याजवळच उभा असे. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. काळजीने ती मला अडवेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जा की. किती दिवसांची सहल आहे? वाढवता येते का?"

तयारी मी अभ्यासूपणे केली. ऑक्टोबरच्या टळटळीत उन्हात ध्रुवीय जाकीट, दुहेरी पँट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून सक्करदरा तलावापर्यंत सराव म्हणून चालत निघालो. तलाव दिसला, पण पोचलो नाही. दोन कॉलेजच्या पोरांनी मला ऑटोत घालून घरी आणलं. त्यातला एक वाटेत विचारत होता, "काका, कोनत्या कंपनीची जाहिरात करून राहिले तुम्ही?"

जहाजाबद्दल मी फार सांगू शकणार नाही, कारण पहिले दोन दिवस मी ते आडवा होऊन पाहिलं. भूगोलाचा मास्तर म्हणून एवढंच सांगतो की दक्षिण अमेरिकेचं टोक ओलांडल्यावर माझ्या पोटात काहीही टिकलं नाही. भाऊ डेकवर नुसत्या सदऱ्यात फिरत होते. अधूनमधून खोलीत डोकावून म्हणायचे, "उठा गा गुरुजी, बाहेर डोंगराएवढी ढेप तरंगून राहिली. आपल्या बर्फवाल्याले दाखवा लागते." मी भिंतीकडे तोंड करून ठीक आहे म्हणायचो. मला झोपही लागत नव्हती. तिथे त्या दिवसांत अंधारच पडत नाही, म्हणून मी सगळा दोष सूर्यावर टाकला.

किनाऱ्यावर उतरण्याआधी तिथे एक सोवळं पाळावं लागतं. आपल्याकडचं एखादं बी, गवताची एखादी काडीसुद्धा त्या भूमीवर पडता कामा नये. म्हणून प्रत्येकाचे बूट धुतात, खिसे उलटे करतात, बॅगांच्या शिवणींतून छोटी मशीन फिरवून धूळ ओढून घेतात. आमच्या गटाची मार्गदर्शक होती एक उंच, हसरी, गोरी मुलगी. आदल्या संध्याकाळी मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत तिला या नियमांचं महत्त्व समजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या खिशातून संत्र्याच्या चार बिया आणि सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, एक कडक तुकडा काढला. रांगेतली सगळी माणसं पाहत होती. मी म्हणालो, "माय वाइफ." अशा प्रसंगी दुसरं काही सुचत नाही.

मग भाऊंची पाळी. त्यांच्या टोपीतून तिने चिमट्याने वाळ्याची एक काडी उचलली. मग खिशातून एक. मग बाहीच्या घडीतून एक. जन्मभर ताट्या भरलेल्या माणसाच्या कपड्यांतून वाळा जाणार कसा? ती हैराण झाली. भाऊंनी मला सांगितलं, "तिले म्हना, जरासं पानी लावून वास घेऊन पाह्य." मी भाषांतर केलं. तिने खरंच काडी ओली केली, नाकाशी धरली आणि क्षणभर डोळे मिटले. मग ती काडी पिशवीत टाकून बंद केली. नियम म्हणजे नियम.

शेवटी उतरलो. काय सांगू! निळीच्या पाण्यातून काढल्यासारखा निळसर बर्फ, त्यावर ऊन, आणि एवढी शांतता की स्वतःच्या श्वासाची लाज वाटावी. ती शांतता मी मोडली. रबरी होडीतून उतरताना पाय चुकला आणि मी अंटार्क्टिका खंडावर गुडघे टेकले, नंतर हात, नंतर नाक. एक पेंग्विन अगदी जवळ उभा होता. आपण त्यांच्यापासून लांब राहायचं असा नियम आहे, पण तो त्यालाही ठाऊक असावा. माझ्याकडे नीट पाहून तो आपणहून लांब गेला.

मी उठून भाऊंकडे पाहिलं. इतकी वर्षं तो प्रश्न ऐकला होता. आता तो विचारायला याहून योग्य जागा पृथ्वीवर उरली नव्हती. "विचारा ना भाऊ," मी म्हणालो. "थंडी होय का?"

"थांबा गा जरासे," ते म्हणाले. ते भलतीकडेच पाहत होते.

समुद्रातून एक पेंग्विन नुकताच वर आला होता. हजारो सारखे दिसणारे पेंग्विन गोट्यांच्या घरट्यांवर बसलेले, कलकलाट चाललेला. त्यातून हा झोकांड्या खात सरळ एका घरट्यापाशी जाऊन थांबला. घरट्यातली मादी मान वर करून ओरडली. हाही मान वर करून ओरडला. मग दोघं तोंडाशी तोंड आणून असे काही कडाडले की मी दोन पावलं मागे सरलो आणि पुन्हा पडलो.

"भांडून राहिले," भाऊ म्हणाले.

मी बसल्या जागेवरून त्या मार्गदर्शक मुलीला विचारलं. तिने समजावलं, नाही, हे भांडण नव्हे. एवढ्या गर्दीत ते एकमेकांना आवाजावरून ओळखतात. तो परत आला, मीच आहे म्हणून सांगतो आहे, आणि ती म्हणते आहे, हो, तूच आहेस. मी हे सगळं भाऊंना मराठीत सांगितलं.

"तेच त म्हनून राहिलो मी," भाऊ म्हणाले. मग आम्ही परतीच्या होडीत बसलो. देवमाशाचं शेपूट होडीजवळ वर आलं, सगळे ओरडले, फोटो निघाले. भाऊंनी मान वळवली नाही.

जहाजावर आज इंटरनेट मिळेल असं रोज सांगायचे, पण मिळायचं नाही. त्या दुपारी मिळालं. भाऊंनी फोन लावला. नागपुरात रात्र झाली होती. पडद्यावर वहिनी दिसल्या, नाकापर्यंत गोधडी. आणि त्यांच्या डोक्यावर काहीतरी गरगर फिरत होतं.

"अवं, पंखा काहून सुरू आहे?" भाऊ जवळजवळ ओरडले. "जानेवारी आहे ना तिकडं!"

"असू द्या."

"तुले त हिव भरते!"

"भरते ना. पन आवाज नसला त झोपच येत नाही जी. इकडून तिकडं कूस बदलून थकली मी." मग गोधडीतूनच त्यांनी विचारलं, "पेंग्विन दिसले का?"

"दिसले."

"थंडी आहे का तिथं?"

भाऊंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पडदा गोठला. वहिनी, गोधडी आणि पंख्याचं एक पातं, सगळं जागच्या जागी थांबलं. भाऊ तो फोन तसाच हातात धरून बसले. मला रडू आल्यासारखं झालं, म्हणून मी चष्मा पुसला.

त्या दिवशी झोपायच्या वेळी खिडकीत लख्ख ऊन होतं. आमच्या खोलीला गरम हवेची उत्तम सोय होती. एवढी उत्तम, की मीसुद्धा कानटोपी काढून ठेवली होती. समोरच्या पलंगावर भाऊ गळ्यापर्यंत रजई ओढून पडले होते. असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "थंडी वाजून राहिली गा."

एरवी मी त्यांना खोलीच्या तापमानावर पाठ दिला असता. या वेळी दिला नाही.

"एक काम करता का?" ते छताकडे पाहत म्हणाले. "तुमी म्हना ना. पंखा बंद करा, म्हना."

"भाऊ, इथे पंखा नाही."

"मालूम आहे मले."

मी चष्मा काढून ठेवला. शाळेच्या संमेलनात एकदाच बाईची भूमिका केली होती, आणि मुख्याध्यापकांनी पुन्हा करू नका म्हणून हात जोडले होते. तरी घसा खाकरला, आवाज बारीक केला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "अजी, बंद करा ना तो पंखा. मले हिव भरून राहिलं."

मला वाटलं, हेही फसलं. मग रजईतून जाड, भिजलेला आवाज आला.

"हे काय थंडी होय का?"

"तुमच्यासाठी नसन," मी म्हणालो. "मानसासाठी आहे."

थोड्याच वेळात परातेभाऊ घोरू लागले. सूर्य खिडकीत होता तसाच होता. आणि जहाजावर आल्यापासून पहिल्यांदाच मलाही गाढ झोप लागली.