इनासचा खिळा आणि सावित्रीचा कांदा

“फोटो काढूचो म्हणजे काय माडार चढूचा आसा? बटन दाबला की झाला!”

असं इनास लोबो वाडीतल्या प्रत्येकाला गाठून सांगत होता, आणि तेव्हा कॅमेरा हातात येऊन त्याला पुरते चार दिवसही झाले नव्हते! लेक ग्लिनिस वसईहून आली होती, ती जाताना आपला जुना कॅमेरा ठेवून गेली. इनास रिटायर पोस्टमन. पस्तीस वर्षं सायकल मारून त्याने वाडीतली आणि आसपासची दारं पालथी घातली होती, आणि आता नुसतं बसून अंग आंबलं होतं. त्याला कॅमेरा म्हणजे आंधळ्याला डोळा मिळाला! यूट्यूबवर एक दाढीवाला मुलगा फोटोग्राफी शिकवतो. त्याचे अकरा व्हिडिओ इनासने वहीत उतरवून घेतले, तेही पोस्टातल्या वळणदार अक्षरात.

पण ही नुसती हौस नव्हती हो. इनासच्या हॉलमध्ये आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या ख्रिस्ती देव्हाऱ्याच्या, उजव्या बाजूला भिंतीत एक खिळा आहे. इनासचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या बापाने तो ठोकला, लग्नाचा फोटो लावायला. लग्न झालं, बँड वाजला, गोव्याहून मावश्या आल्या. फोटोग्राफरने दिवसभर सगळ्यांना उन्हात उभं करून घाम काढला, आणि आठ दिवसांनी येऊन सांगितलं की रीळ आत अडकलंच नव्हतं! छत्तीस फोटो, छत्तीसच्या छत्तीस हवेत! तेव्हापासून चाळीस वर्षं त्या खिळ्यावर कॅलेंडर आहे. दर जानेवारीत नवं कॅलेंडर लावताना पिएदाद, म्हणजे इनासची बायको, एकदा खिळ्याकडे बघते आणि एकदा इनासकडे. बोलत काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं!

मग नंतर कधीतरी दोघांचा एखादा फोटो काढायचा, तर पिएदाद फोटोला उभी राहील तर शपथ. कुणी मोबाइल वर केला की ताट, सूप, हाताला लागेल ते ती तोंडापुढे धरते. ग्लिनिसच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत ती आहे, फक्त तोंडाच्या जागी हातपंखा आहे. येत्या रविवारी लग्नाला चाळीस वर्षं पुरी होणार, म्हणून इनासने चार दिवस तिच्या मागे लागून नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे ती म्हणाली,

“एक. एकच फोटो काढूक देतलंय. तो बिघडलो तर परत इचारूचा नाय. कॅलेंडर आसाच खिळ्यार!”

एकच! दाढीवाल्याला एका फोटोसाठी शंभर लागतात, आणि इनासला मिळणार एक! तेव्हा आधी स्वतःवर हात बसवून घ्यायचा, हे ओघानेच आलं.

बुधवारी सकाळी पिएदाद मालवणच्या बाजारात गेली आणि इनासने दार लोटून घेतलं. सगळा बेत वहीत तयार होता. हॉलच्या कौलांत काचेचं एक कौल आहे. त्यातून साडेदहा ते पावणेअकरा असा पंधराच मिनिटं उजेडाचा एक झोत बरोबर भिंतीजवळच्या खुर्चीवर पडतो. चाळीस वर्षं तो त्या खुर्चीत बसून पेपर वाचत आलाय, पण तो उजेड काय मोलाचा आहे हे त्याला दाढीवाल्याने सांगितलं! मागे पांढरी चादर टांगली. शिलाई मशीनवर दोन पाट आणि पाटांवर कॅमेरा ठेवला. खुर्चीवर तांदळाचा डबा आणि डब्यावर नारळ ठेवून, तो नारळ म्हणजे आपलं डोकं असं धरून फोकस लावला. चेहरा चकाकू नये म्हणून पावडर लावली. जरा जास्तच लागली. आणि अंगात घातला लग्नाचा कोट.

कोट चाळीस वर्षांत तसाच राहिला होता, इनास राहिला नव्हता. पोट आत ओढून, श्वास रोखून मधलं एकच बटण कसंबसं लागलं. आता बोललं तर बटण जाणार आणि हसलं तर शिवण! पण बोलायचं होतं कुणाला? दर दहा सेकंदांनी आपोआप एक, असे शंभर फोटो निघतील अशी त्याने कॅमेऱ्याला आज्ञा दिली होती. ती मागे कशी घ्यायची, ते बाराव्या व्हिडिओत होतं.

इनास खुर्चीत बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे वटारलेले. खट्! उजेड मंद असला की फोटो सावकाश निघतो, तेव्हा पापणीसुद्धा हलवायची नाही, हे वहीत दोनदा अधोरेखित होतं. खट्! इनासने देवाचे आभार मानले. मनातल्या मनातच. खट्!

तेवढ्यात दार ढकलून शेजारची सावित्री आत आली.

“इनास, कोयतो दी रे जरा. आमचो खंय ठेवल्यानी तो गावणा नाय.”

इनास गप्प. दहा सेकंद थांब ग बाई, उजेड जाईल!

“इनास? अरे आयकतस मां?”

सावित्रीने नीट बघितलं. भर बुधवारी लग्नाचा कोट! तोंड पिठासारखं पांढरं! मागे पांढरी चादर! समोर तीन पायांचं नाही पण दोन पाटांचं काहीतरी, त्याला एक तांबडा दिवा, तो मिचमिच करतोय, आणि इनास त्याच्याकडे टक लावून! ख्रिस्तावांच्या घरात हा कोट माणसाच्या अंगावर दोनदाच चढतो, हे सावित्रीला ठाऊक होतं. एकदा लग्नाला. दुसऱ्यांदा कधी ते तिने तोंडातून काढलं नाही, त्याऐवजी अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकले.

“गाववाल्यांनू, धावा रे! इनासाक कायतरी झाला!”

वाडी धावली! इनास ज्यांच्या दारात पस्तीस वर्षं पत्रं घेऊन धावला, ती सगळी माणसं आज त्याच्या दारात धावत आली. पहिला आला सावित्रीचा नवरा धोंडू. हा देवळात गाऱ्हाणं घालणारा, त्यामुळे पाहुण्याला लागलेल्या उचकीपासून बंद पडलेल्या पंपापर्यंत सगळ्यावर त्याच्याकडे एकच औषध. पाठोपाठ बाळा रिक्षावाला आला.

“वारो गेलो असतलो अंगावरसून,” बाळा म्हणाला. “रिक्षात घालूया, कुडाळाक नेऊया!”

“हात लावू नको! कांदो हुंगवूया आधी!” असं म्हणत सावित्रीने इनासच्याच टोपलीतला एक कांदा उचलला, बुक्की मारून फोडला आणि त्याच्या नाकाला लावला.

इनासच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खट्! पावडरीवरून दोन ओघळ गेले.

“रडता रे बापडो!” सावित्रीचाही बांध फुटला. “पिएदादची वाट बघता!”

इनासला सगळं ओरडून सांगायचं होतं. पण बटण! शिवाय उजेडाची आठच मिनिटं उरली होती, आणि धोंडू नेमका झोतात उभा! धोंडूने आल्तारासमोर आपल्या पद्धतीने हात जोडले. कुठलं घर, कुठला देव, याचा त्याने कधी विचार केला नाही. संकट शेजारच्या घरातलं, एवढं त्याला पुरे होतं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज ह्या इनास लेकराच्या अंगार जा काय आडवा-तिडवा इला आसात...”

“व्हय म्हाराजा!”

“ता बारा कोस लांब कर! लेकरू बरा झाला, तर ह्या घरचो तांबडो कोंबो तुका देतलंव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोंबो नाय!” इनास पोट आत धरूनच ओरडला.

तांबडा कोंबडा म्हणजे पिएदादचा जीव. तो गेला, तर एक फोटोही गेला!

“बघलास?” धोंडू म्हणाला. “कोंबो नको म्हणता. बोकड मागतला!”

“हलू नकात कोण! बाजूक सरा! उजेड अडता!”

“उजेड मागता!” बाळा दारापर्यंत मागे गेला.

धोंडू मात्र मागे हटला नाही. खुर्चीसमोर ठाण मांडून त्याने विचारलं, “कोण आसस तू? खंयसून इलस? तुका होया तरी काय?”

“माका एक फोटो होयो!” इनास दात-ओठ खाऊन म्हणाला. बटण टिकवायचं तर तसंच बोलावं लागत होतं. “एकच! पिएदादचो!”

“अगो बाये माझे!” सावित्रीने कपाळावर हात मारला. दुसऱ्या हातातला कांदा मात्र सुटला नाही. “पिएदादचो फोटो मागता! तो पिएदादीक व्हरूक इलो आसा!”

आणि नेमकी त्याच क्षणी पिएदाद दारात! तिला बातमी तिठ्यावरच लागली होती. बाजारात घेतलेल्या बांगड्यांची, म्हणजे मासळीची, पिशवी घेऊन ती तिथून धावत आली होती, बासष्टाव्या वर्षी, एका पायात चप्पल घालून. शेवटचं वाक्य तिने ऐकलं. कुणीतरी आपल्याला न्यायला आलंय हे ऐकलं, आणि पळून नाही गेली. पिशवी तिथेच टाकली, बाळाला कोपराने उडवलं, धोंडूला बाजूला सारलं, आणि इनासचं पांढरं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

“शिरा पडो तुझ्या तोंडार!” ती इनासच्या आत बसलेल्या कुणालातरी म्हणाली. “कोणय आस तू, माका व्हर! चल! पण ह्येका सोड! माझ्या घोवाक हात लावशीत तर बघ!”

कुणी हललं नाही. वरच्या काचेतून उजेड सरळ दोघांवर पडला होता.

खट्!

इनासचा रोखलेला श्वास सुटला. तो आता रोखून धरणं माणसाला शक्यच नव्हतं. बटण उडालं ते थेट धोंडूच्या कपाळावर! “गेला! बाहेर पडला!” धोंडू ओरडला.

“पिएदाद,” इनास रडत म्हणाला, आणि हे रडणं कांद्याचं नव्हतं, “माका काय्येक झाला नाय गो. मी फोटो काढी होतंय.”

त्यानंतर पिएदाद जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. बांगड्यांची पिशवी तिने पुन्हा उचलली आणि इनासच्या पाठीवर तीनदा घातली. त्यातही कॅमेरा खट्-खट् करतच होता, कारण थांबवायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं! शेवटी बाळाने बॅटरी काढली.

लोक गेले नाहीत. जाणार कसे? पिएदादने चहा टाकला आणि सगळ्यांना दिला. इनासने एकेकाचा हात धरला. “धोंड्या, तू पळालस नाय रे,” एवढंच त्याला म्हणता आलं. धोंडू कपाळ चोळत म्हणाला, “पळान जातलंय खंय? माझा लगीन ठरल्याचा पत्र तूच टपालातसून हाडून दिललस.”

संध्याकाळी दोघांनी फोटो बघितले. पहिला चादरीचा. दुसरा ते आठवा इनासचा, पण दगडी पुतळ्यालाही इनासपेक्षा जास्त हसू असतं. पुढे धोंडूची पाठ, धोंडूची पाठ, बाळाचा कान. मग तो फोटो आला. पिएदादच्या हातांत इनासचं डोकं, तिच्या बोटांवर पावडर, एक पाय अनवाणी, आणि चेहऱ्यासमोर ताट नाही, सूप नाही, पंखा नाही. फक्त चेहरे जरासे धुरकट होते. पिएदादने डोकं पुढे ओढलं होतं, फोकस मात्र जिथे नारळ होता तिथेच राहिला होता, आणि त्या जागी आता सावित्रीचा हात होता. हातातल्या कांद्याची शीर न् शीर दिसत होती!

इनासने भीत भीत विचारलं, “हो फोटो मोजूचो काय गो? एक म्हटललस तो?”

पिएदादने कॅमेरा आपल्याकडे ओढला.

“त्या दिवशीय मी तुझ्याकडेच बघी होतंय,” ती म्हणाली. “त्या मेल्यान रीळ घातल्यान नाय.” मग पदराने कॅमेऱ्याची काच पुसली. “मोज. आणि ता कॅलेंडर काढ.”

रविवारी फोटो खिळ्यावर चढला. जेवायला अख्खी वाडी होती, कारण देवाला बोललेला शब्द फिरवायचा नाही, यावर धोंडू अडून बसला होता आणि तांबड्या कोंबड्याचा मान देवाला पोचला होता. पिएदादने स्वतः हुकूम दिला, एक दिवस रडली, आणि वडे मात्र सगळ्यांना पुरून उरतील एवढे केले. जेवणाआधी प्रार्थना म्हणताना इनासने देवाचे आभार मानले, मग वाडीचे, मग कौलाच्या काचेचे. तिथे पिएदादने त्याला कोपर मारलं, नाहीतर तो दाढीवाल्यापर्यंत गेला असता.

सावित्रीला तर तो फोटो इतका आवडला की तिने एक कॉपी मागून घेतली. इनासची छाती फुगली. आपला फोटो दुसऱ्याच्या भिंतीवर! त्या बुधवारी जाताना तिने नेलेला कोयता परत आणायला आठ दिवसांनी तो तिच्याकडे गेला, तर फोटो खरंच भिंतीवर होता, मढवलेला, देव्हाऱ्याशेजारी. त्यात सावित्रीचा हात होता आणि कांदा होता. बस्स.

“आमी दोघां खंय गेलंव?” इनासने विचारलं.

“बाजूक दोन माणसां धुरकट इलली,” सावित्री म्हणाली, “ती कापून टाकूक सांगलंय.”