उजव्या बाजूचे तात्या

महिपततात्यांच्या मालमोटारीत पुढच्या शीटवर बसायला पैसे पडत नसत, काम पडे. बारामती सोडली की इंदापूर येईपर्यंत दर वळणाला ओरडायचं, "तात्या, डावं!"

ओरडलं नाही तर गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागे. समोरून बैलगाडी येत असली तरी सरके. गाडीवान कासरा ओढून शिव्या हासडायला लागला की तात्या शेजारच्याकडे वळून म्हणत, "पाव्हणं, झोपला का काय? तुमच्या भरवशावर चाललोय आमी."

तात्या आमच्या आळीत, माझ्या खोलीला लागूनच राहत. चाळिशी उलटलेली, कमरेला खाकी पँट, आवाज असा की कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्यालाही ऐकू जावा. लग्न केलेलं नव्हतं. लढाईवरून परत आले तेव्हा आईबाप गेलेले होते, मग लग्न जमवणार कोण? एका गूळवाल्या शेठची मोटार ते चालवत. इंदापूरकडच्या गुऱ्हाळांवरून ढेपा भरायच्या आणि बारामतीच्या बाजारात आणून उतरवायच्या, हा त्यांचा रोजचा धंदा.

उजवीकडे ओढण्याचा रोग त्यांना दुसऱ्या महायुद्धात, इटलीत जडला होता. निदान ते तसं सांगत.

"तितं समदं उलटं, मास्तर. उजव्या अंगानं चालायचं. पयल्या दिवशी मी आपला आपल्या डाव्या अंगानं निघालो, तर समोरनं एक पाद्री सायकलवर. त्यो त्याच्या भाषेत बोंबलतोय, मी माझ्या. शेवटाला त्यो सायकलीसकट द्राक्षाच्या बागंत आन मी गाडीसकट भिंतीला. सायबानं इचारलं, उजवा हात कुठला, ठावं हाय का? म्हनलं, जेवतो त्यो."

तेव्हापासून तात्या 'जेवता हात, जेवता हात' असा जप करत गाडी हाकू लागले. तो जप म्हणे इतका अंगात मुरला, की इकडे आल्यावर निघायचं नाव घेईना.

बाजारातसुद्धा ते उजव्या कडेनं चालत. समोरून कोणी आलं की दोघं एकाच बाजूला सरकत, मग दोघंही दुसऱ्या बाजूला. दोनतीनदा असं झालं की तात्या त्या माणसाला खांद्याला धरून उचलत, पलीकडे ठेवत आणि "जेवता हात, बाबा," असं समजावून पुढे जात.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत कुणा उमेदवाराचा भाऊ त्यांच्या शेजारी बसला. उमेदवार गंधमाळेचा, जुन्या वळणाचा. भाऊ सरळ स्वभावाचा. सांगितलेलं काम त्यानं चोख केलं. वाटेतल्या प्रत्येक गावातून खिडकीबाहेर डोकं काढून "डावं! डावं!" ओरडत गेला. दुसऱ्या दिवशी लोक उमेदवाराला विचारू लागले, "दादा, तुमी लाल बावट्यात कवा शिरला?"

शेळगावात माझी थोरली बहीण दिलेली. शनिवारी शाळा सुटली की मी तात्यांच्या गाडीनं तिच्याकडे जाई. ओरडून ओरडून घसा बसायचा, पण कंटाळा येत नसे. तात्यांना सगळं ऐकायचं असायचं. बहिणीची म्हैस व्याली का, शाळेत नवीन कोण आलं, सकाळी मी काय खाल्लं. उत्तरं आखूड व्हायला लागली की गाडी हमखास उजवीकडे जाई. मग ओरडावं लागे, आणि ओरडल्यावर पुन्हा बोलणं सुरू होई.

एकदा मी सुट्टीत शेळगावला आधीच एसटीनं गेलो होतो. परतायच्या दिवशी सकाळी फाट्यावर उभा होतो, तेवढ्यात लांबून, इंदापूरच्या बाजूनं, तात्यांची मोटार दिसली. पुढची शीट रिकामी. इकडून उसाच्या गाड्यांची रांग निघालेली, आणि मध्ये ओढ्यावरचा फरशीचा अरुंद पूल. धोतर सावरत मी रस्त्यावर धावलो आणि दोन्ही हात वर करून ओरडू लागलो, "तात्या, डावं! डावं!"

मोटार डावीकडेच होती. फरशीच्या अलीकडे ती अगदी कडेला थांबली. एकेक बैलगाडी निघून जाऊ दिली, मग सावकाश फरशी ओलांडली. सुईत दोरा ओवावा तशी. एवढ्यात तात्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

आणि मोटार उजवीकडे वळली.

ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बरं झालं भेटला, मास्तर," तात्या घाम पुसत म्हणाले. "एकट्याला लई अवघड जातं बगा."

मी चढून बसलो. मी मुद्दाम ओरडलो नाही. वळण आलं, गेलं. गाडी डाव्या अंगानं सरळ चालली होती.

"तात्या, सवय कधी सुटली?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मुंबईला उतरलो त्याच आठवड्यात."

"मग हे सगळं?"

"मास्तर, लढाईतली गाडी आपल्या हिकडची. हातातलं चाक उजव्या अंगाला. तितं रस्ताबी उजव्या अंगाचा. म्हंजी चालवणारा पार कडंला. म्होरं गाडी असली तर तिच्या पल्याडचं दिसायचं न्हाय. शेजारी बसल्यालाच दिसायचं. त्यो म्हनंल 'चला', तर जायाचं. 'थांबा' म्हनंल, तर थांबायचं. माझ्या शेजारी केरबा व्हता. कऱ्हाटीचा. डोंगरातनं, बर्फातनं मी त्याच्या डोळ्यांनी गाडी चालवली."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. थंडीत केरबाची छाती भरली. त्याला दवाखान्यात ठेवलं आणि तात्यांना गाडी घेऊन पुढे धाडलं. परत येईपर्यंत सगळं उरकलेलं होतं. साहेब दुसरा माणूस शेजारी द्यायला निघाले, तो तात्यांनी घेतला नाही.

"आता रिकामी शीट बघवत न्हाय. आन निस्तं बसवलं तर मानूस झोपतो वो. काम दिलं का बोलतो." थोड्या वेळानं म्हणाले, "गावात सांगू नका. कुनी बसायचं न्हाय मग."

"कऱ्हाटीला गेलात कधी?"

"त्याची आई हाय. कसा गेला म्हनून इचारलं तर काय सांगू? मी व्हतो कुठं?"

कऱ्हाटी बारामतीहून काही लांब नव्हे; पण इतक्या वर्षांत तात्या त्या रस्त्यालाच गेले नव्हते. मी मागे लागलो. एका रविवारी टायर खराब निघाला, एका रविवारी त्यांचा दात दुखला. शेवटी शेठची परवानगी मीच काढली आणि तात्यांना घेऊन निघालो. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसते चालवत राहिले.

म्हातारी अंगणात बाजरी पाखडत होती. "कोन पायजे, बाबा?"

"मी महिपत. केरबा आन मी एका गाडीवर व्हतो."

तिनं सूप खाली ठेवलं. कसा गेला, ते तिनं विचारलं नाही. "गाडी चालवायचा व्हय त्यो?"

"न्हाय, आई. चालवायचो मी. त्यो शेजारी बसायचा. त्यो सांगंल तसं मी करायचो."

"तू ऐकायचास त्याचं?"

"समदं."

म्हातारी हसली. "हितं कुनी ऐकलं न्हाय त्याचं कदी. धाकटा ना." मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "कुठं बसायचा, दाव मला."

तात्यांनी तिला अलगद उचलून शीटवर बसवलं. तिनं पदर सारखा केला, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली आणि म्हणाली, "चालव."

मोटार कऱ्हा नदीच्या काठापर्यंत गेली, वळली, पुन्हा दाराशी यायला निघाली. मी अंगणातच उभा होतो. तिथवर म्हातारीचा आवाज येत होता. "आरं कोंबडी हाय, कोंबडी! थांब की! डोळं हायती का न्हाईत तुला?"

तात्यांनी ब्रेक दाबला. कोंबडी पंख फडफडवत कुंपणात शिरली.

गाडी दाराशी आली. मी हात द्यायला पुढे झालो, पण म्हातारी उतरेना. समोरच्या काचेतून ती रस्त्याकडे बघत बसली होती.

"थंडी लई असती का रं तिकडं?" तिनं विचारलं.

तात्यांनी इंजिन बंद केलं.

"व्हय, आई," ते म्हणाले. "लई."

मी नदीकडे चालू लागलो. मागे तात्या बोलत होते, आणि त्यांचा तो चक्कीपर्यंत पोचणारा आवाज मला चार पावलांवरही ऐकू येत नव्हता.